अक्षरे २६, ध्वनी ४४

तोंडासमोर कागदाचा पातळ कपटा धरून इंग्रजी मातृभाषा असलेली व्यक्ती ‘पिन’ म्हणते, तेव्हा कपटा फडफडतो. तीच व्यक्ती ‘स्पिन’ म्हणते, तेव्हा तो जवळजवळ हलत नाही. लिहिताना दोन्हीकडे अक्षर एकच असते आणि आपण दोन निराळे ध्वनी काढले याची जाणीव बोलणाऱ्यालाही नसते. ‘पिन’मध्ये ओठ उघडले तरी गळ्यातील स्वरतंतू लगेच कंप पावू लागत नाहीत, सेकंदाचे काही शतांश भाग मध्ये जातात आणि तेवढ्या वेळात नुसती हवा बाहेर पडते. मराठीत नेमका असाच फरक ‘काल’ आणि ‘खाल’ यांना वेगळे करतो, इंग्रजीत मात्र त्याने अर्थ बदलत नाही. म्हणून तोंडातून काय निघाले आणि त्यातले काय त्या भाषेने अर्थभेदासाठी वापरले, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. अर्थभेद करणाऱ्या अशा ध्वनिघटकाला स्वनिम म्हणतात. इंग्रजीची अक्षरे २६, पण प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वनिम ४४ मानले जातात: २४ व्यंजने आणि २० स्वर.

फुप्फुसांतून वर येणारी हवा हे या सर्वांचे भांडवल. ती स्वरयंत्रातून जाताना स्वरतंतू कंप पावले तर ध्वनी घोष होतो, ते विलग राहिले तर अघोष. गळ्यावर बोटे ठेवून ‘सिप’ आणि ‘झिप’ या इंग्रजी शब्दांचे पहिले व्यंजन लांबवून पाहावे. जिभेची जागा तीच राहते, पण दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवते. मात्र हा नियम सांगून थांबणे इंग्रजीच्या बाबतीत अपुरे ठरते. ‘बीट’ आणि ‘बीड’ या शब्दांपैकी ‘बीड’च्या अखेरीस येणाऱ्या ‘ड्’मधला कंप पुष्कळदा विरून जातो, तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण ‘बीड’मधला स्वर ‘बीट’मधल्यापेक्षा स्पष्टपणे लांब असतो आणि कान शेवटच्या व्यंजनाची ओळख त्याच्या आधीच्या स्वराच्या लांबीवरून पटवतो. मला हा इंग्रजी उच्चारातील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

व्यंजनाची उरलेली ओळख दोन गोष्टींनी ठरते: हवेला अडथळा कोठे झाला आणि तो कसा होता. वाट पूर्ण बंद होऊन एकदम उघडली तर स्पर्श, अरुंद फटीतून हवा घासत गेली तर घर्षक. ओठ किंवा जिभेने तोंडाची वाट अडवलेली असताना मृदुतालू, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, खाली येऊन हवा नाकातून गेली तर अनुनासिक. इंग्रजीत घर्षक तब्बल ९ आहेत आणि मराठी भाषकाची खरी अडचण तेथेच होते. ‘थिंक’मधील पहिला ध्वनी आपण ‘थ’ लिहितो, पण मराठी ‘थ’ हा स्पर्श आहे. इंग्रजीत जिभेचे टोक वरच्या दातांशी हलकेच टेकते आणि हवा अखंड घासत राहते. ‘टेन’मधला ‘ट’ही आपला नव्हे. मराठी ‘त’ दातांशी होतो, ‘ट’ला जीभ मागे वळते, इंग्रजी ध्वनी या दोहोंच्या मध्ये, दातांमागच्या उंचवट्यावर होतो. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांतील फरकही जागेचाच आहे: पहिल्यात दोन्ही ओठ गोल होतात आणि दातांचा संबंध येत नाही, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लागून हवा घासते.

स्वरांना असा अडथळा नसल्यामुळे त्यांचे वर्गीकरण जिभेची उंची, तिचा पुढे-मागे कल आणि ओठांचा आकार यांवर करतात. जीभ हवेतच असल्याने ‘येथे टेकते’ असे बोट दाखवता येत नाही; म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॅनियल जोन्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोजपट्टीवरच्या खुणांसारखे आठ मूलभूत मानस्वर ठरवून दिले, ज्यांच्या तुलनेत कोणत्याही भाषेतील स्वराचे स्थान सांगता येते. त्या मोजपट्टीवर ‘शिप’ आणि ‘शीप’ यांचे स्वर केवळ ऱ्हस्व-दीर्घ राहत नाहीत. ‘शीप’मध्ये जीभ अधिक वर आणि अधिक पुढे असते.

इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणाऱ्या स्वराला मात्र स्वतःचे अक्षर नाही. ‘अबाउट’च्या आरंभीचा तो क्षीण, तोंडाच्या मध्यभागी होणारा स्वर आघात (उच्चारातला जोर) नसलेल्या अवयवात, म्हणजे एका स्वराभोवती उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्यात, कोणत्याही स्वराक्षराच्या जागी येऊ शकतो. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणून तेथे पूर्ण संयुक्त स्वर, म्हणजे एका स्वराकडून दुसऱ्याकडे सरकणारा स्वर, ऐकू येतो आणि दुसरा अवयव क्षीण होतो, ‘फोटोग्राफर’मध्ये आघात दुसऱ्या अवयवावर सरकतो, तेथे पूर्ण स्वर येतो आणि पहिला अवयव ‘फ’सारखा ऐकू येतो. स्पेलिंगमध्ये मात्र दोन्ही शब्दांत या दोन जागची ‘ओ’ (o) ही अक्षरे जशीच्या तशी राहतात.