प्रश्नावली छापण्याआधी आम्हाला दाखवा

“डेटा तयार आहे, फक्त अल्फा ०.७च्या वर आणून द्या.” पर्यटन सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या पारखून देतो म्हणून असे फोन आम्हाला सतत येतात; सगळ्यांसाठी एकदाच लिहीत आहोत.

अल्फा (क्रॉनबॅकचा अल्फा) म्हणजे प्रश्नावलीतल्या विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. तो आणून देता येत नाही. जो आहे तोच निघतो. आणि तोही एवढंच सांगतो की विधानं एकमेकांना धरून आहेत. एकच गोष्ट शब्द फिरवून पाच वेळा विचारली तरी अल्फा चढतो. तेवढ्यानं तुमची मापनश्रेणी, म्हणजे विधानांचा हा संच, ‘पर्यटन अनुभव’च मोजते असं ठरत नाही.

अडचण बहुतेक वेळा विधानातच असते. उदाहरणार्थ, ‘राहण्याची आणि जेवणाची सोय समाधानकारक होती.’ खोली आवडली, जेवण नाही, अशा पर्यटकानं काय करायचं? तो १ ते ५ पैकी मधल्या ३ वर खूण करतो. ज्याला दोन्ही ठीकठाक वाटलं, तोही ३च देतो. हे दोन ३ वेगळे करून देणारं सॉफ्टवेअर नाही. पुन्हा विचारावं तर पर्यटक घरी गेलेला, हंगाम संपलेला. एका ‘आणि’पायी वर्ष जातं.

म्हणून आम्ही आधी विधानं मागतो, डेटा नंतर. प्रत्येक विधान मोठ्यानं वाचतो, विषयतज्ज्ञांना दाखवतो, मग पाच-सहा पर्यटकांना विचारतो, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ त्यानंतरच पायलट, म्हणजे थोड्या लोकांवर चाचणी. विधानं गळली की ग्राहक हळहळतात. पण १९८८मध्ये आलेलं सर्व्हक्वाल, म्हणजे सेवेची गुणवत्ता मोजणारी प्रसिद्ध प्रश्नावली, तीसुद्धा ९७ विधानांपासून सुरू होऊन २२ वर आली, आणि तीही बँक, क्रेडिट कार्ड, दुरुस्ती, टेलिफोन अशा सेवांवर पारखून. ती जशीच्या तशी उचलून ट्रेकिंगला लावू नका.

दोन नमुने, म्हणजे उत्तरं देणाऱ्यांचे दोन वेगळे गट, का मागता, हाही नेहमीचा प्रश्न. पहिल्यावर ईएफए (शोधक घटक विश्लेषण) करून घटक, म्हणजे एकत्र जाणाऱ्या विधानांचे गट, शोधतो; दुसऱ्यावर सीएफए (पडताळणी करणारं घटक विश्लेषण) करून ते टिकतात का पाहतो. दोन्ही एकाच नमुन्यावर करणं म्हणजे ज्याच्या मापानं कपडा शिवला, त्यालाच घालून ‘सगळ्यांना बसतो’ म्हणणं. नमुना पुरेसा मोठा असेल तर त्याचेच दोन भाग करून देतो. या आग्रहामुळे काही जण दुसरीकडे गेले; त्यांतले काही परीक्षकांचे शेरे घेऊन परत आले.

मसुदा कच्चा असला तरी पाठवा. कोणतं विधान कोणत्या घटकासाठी, ते शेजारी लिहा. पहिल्या वाचनाचे पैसे घेत नाही. सर्वेक्षणाची तारीख ठरली असेल तर तीही कळवा. हंगाम तोंडावर असलेले मसुदे आम्ही आधी हातात घेतो.