बोटुकली सोडण्याआधी पाण्याचे क्षार पाहा

रोहू, कटला, मृगळ किंवा सायप्रिनस माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, नेल्यावर दोन-तीन दिवसांनी मर दिसली की आमच्या मत्स्यबीज केंद्रावर फोन येतो, "बीज कमजोर होतं का?" हल्ली आणखी एक विचारणा असते: थायरॉईडची गोळी खाद्यात दिली तर पिल्लू लवकर वाढतं का?

आधी मर. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवणं आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानं फक्त तापमान जुळतं. बंद पिशवीत बाहेरचे क्षार शिरत नाहीत, आणि मग ती उघडून पिल्लं थेट तळ्यात ओतली जातात. नुकसान होतं ते इथेच. सांगोला-मंगळवेढ्याकडे बोअरवर भरलेलं शेततळं असेल तर जास्तच. अस्तराच्या तळ्यातलं पाणी उन्हानं उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून दिवाळीत चाललेलं पाणी वैशाखात चालेलच असं नाही. चवीवर जाऊ नका. पाणी मचूळ लागेपर्यंत क्षार बरेच चढलेले असतात.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरला साधारण ९ ग्रॅम क्षार असतात. बाहेरचं पाणी त्याहून गोडं, म्हणून ते कल्ल्यांतून सतत अंगात शिरतं आणि अंगातले क्षार बाहेर झिरपतात. मासा पातळ लघवी करून जादा पाणी टाकतो, कल्ल्यांतल्या खास पेशी क्षार परत ओढून घेतात. बाहेरचे क्षार एकदम बदलले तर या पेशींना नवी घडी बसवायला काही दिवस लागतात. बोटुकलीचा जीव लहान, तिला तेवढी उसंत मिळत नाही. वाचली तरी वाढीची ताकद त्यातच खर्च होते.

आता गोळीचं. पिल्लाला थायरॉईडचं संप्रेरक आधी अंड्यातल्या बलकातून, आईकडून मिळतं. पुढे गळ्याखाली विखुरलेल्या त्याच्या स्वतःच्या ग्रंथी ते बनवतात. वाढ, अंगाची जडणघडण आणि क्षारांशी जुळवून घेणं या सगळ्यांत त्याचा हात असतो. नदीत जन्मलेला सॅमन समुद्राकडे निघण्याआधी त्याच्या रक्तात थायरॉक्सिन, म्हणजे हेच संप्रेरक, वाढतं, आणि ती तयारी कित्येक आठवडे चालते. बाहेरून मात्रा जास्त झाली तर मणके वाकतात, पिल्लं बेढब होतात. अशी गोळी आम्ही विकत नाही, आणि कुणी सुचवली तरी तुम्ही देऊ नका. चांगलं खाद्य आणि स्थिर पाणी मिळालं की पिल्लाच्या ग्रंथी आपलं काम करतात.

पिशवीत आम्ही थोडं मीठ घालतो, त्यावर काहीजण नाराज असतात. प्रवासात पिल्लाचे क्षार कमी झिरपावेत, एवढ्यासाठीच ते असतं. ते आम्ही बंद करणार नाही.

पिशवी तरंगवून झाल्यावर पिल्लं पाण्यासकट टबात घ्या. अर्धा तास तळ्याचं पाणी मगानं थोडं थोडं मिसळत राहा, मग जाळीनं उचलून सोडा. हे सकाळी लवकर उरका.

फरक मोठा असेल तर अर्ध्या तासानं भागत नाही. बीज नेण्याच्या आठ दिवस आधी तळ्याच्या मधलं, हातभर खोलीवरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणा. क्षार आम्ही मोफत तपासतो. लिटरला दोन ग्रॅमच्या वर निघाले तर तुमची बोटुकली आमच्याच टाकीत रोज थोडे क्षार वाढवत तयार करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. उजनीच्या कालव्याचं पाणी असेल तरी बाटली आणाच. कालवा बंद असताना त्याच तळ्यात बोअर सोडलेला असतो.