बेसबॉलमधले मोठे होमरन हिटर

होमरन म्हणजे बॅटरने मारलेला बॉल दोन्ही फाउल पोलच्या (मैदानाची हद्द दाखवणाऱ्या कोपऱ्यातल्या खांबांच्या) मधून हवेतूनच थेट कुंपणापलीकडे जाणं. मग बॅटर चारही बेस (मैदानावरचे ठरलेले थांबे) आरामात फिरून होम प्लेटला, म्हणजे जिथून बॅटिंग केली तिथे, परत येतो आणि बेसवर जितके रनर उभे असतील ते सगळे त्याच्या पुढे घरी पोचतात, म्हणजे एका फटक्यात कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ४ रन, आणि चार रनवाल्या होमरनला ग्रँड स्लॅम म्हणतात. आपल्याला क्रिकेटच्या सिक्सरची सवय आहे त्यामुळे हे सोपं वाटतं पण तसं अजिबात नाही. क्रिकेटमध्ये बॉल चारही दिशांना मारता येतो, इथे फक्त समोरच्या ९० अंशाच्या कोनात मारायचा, बॅट गोल, आणि बॅटरला अख्ख्या मॅचमध्ये चार किंवा पाच वेळाच उभं राहायला मिळतं. १६२ मॅचच्या सीझनमध्ये ज्याने ४० होमरन मारले तो त्या वर्षीचा मोठा हिटर समजला जातो.

अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये आजवर ७०० किंवा जास्त होमरन चौघांनीच मारलेत: बॅरी बाँड्स ७६२, हँक ॲरन ७५५, बेब रूथ ७१४ आणि अल्बर्ट पुहोल्स ७०३. त्यांच्या खालोखाल ॲलेक्स रॉड्रिगेझ ६९६ आणि विली मेज ६६०. पण ही यादी पाठ करून कोण खरा मोठा ते कळत नाही, कारण प्रत्येक आकड्याच्या मागे त्या काळचा बॉल आहे, ग्राउंडचं कुंपण किती लांब होतं ते आहे, कोणाला खेळायला मिळत होतं आणि कोणाला नाही ते आहे, आणि शेवटी ताकद वाढवणारी औषधं पण आहेत. आणि दोन माणसं तर या यादीत दिसतच नाहीत, एक जपानमधला सदाहारू ओह आणि दुसरा जॉश गिब्सन, त्यांच्याशिवाय ही नोंद अर्धवट राहील.

रूथच्या आधी होमरन ही रोजची गोष्टच नव्हती. बॉल मऊ पडेपर्यंत, काळा होईपर्यंत तोच वापरायचे, पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, त्याला थुंकी लावायचे, माती चोळायचे, आणि बॅटर बॉल जमिनीलगत मारून पळायचे. त्या काळाला डेड बॉलचा जमाना म्हणतात. फ्रँक बेकर नावाच्या खेळाडूला लोक ‘होमरन बेकर’ म्हणायचे आणि त्याचा सगळ्यात चांगला सीझन होता १२ होमरनचा, १९१३ मधला! एका सीझनचा रेकॉर्ड २७ होता, १८८४ मध्ये शिकागोच्या नेड विल्यमसनने केलेला, तोही फारच जवळ कुंपण असलेल्या ग्राउंडवर. मग बाल्टिमोरच्या एका सुधारगृहवजा शाळेत वाढलेला बेब रूथ आला, तो मुळात बोस्टन रेड सॉक्सचा डावखुरा पिचर, आणि चांगला पिचर, करिअरमध्ये ९४ मॅच जिंकून दिलेला. पण त्याचे फटके बघून त्याला रोज खेळवायला लागले आणि १९१९ मध्ये त्याने २९ होमरन मारून जुना रेकॉर्ड मोडला. त्याच हिवाळ्यात बोस्टनने त्याला न्यूयॉर्क यँकीजला एक लाख डॉलरला विकलं. १९२० मध्ये त्याने ५४ मारले, आणि अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) बाकी कुठल्याही अख्ख्या टीमला मिळून तेवढे जमले नाहीत. १९२७ ला ६० मारले तेव्हाही तेच, एकटा रूथ विरुद्ध पूर्ण टीम, आणि रूथ पुढे.

रूथला काळाची साथ मिळाली हे खरंय. १९२० पासून बॉलला थुंकी लावायला बंदी आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्याला बॉल लागून तो गेला, त्यानंतर मळलेला बॉल लगेच बदलून पांढरा नवा बॉल घ्यायची पद्धत पक्की झाली. नवा बॉल दिसायलाही सोपा आणि लांबही जातो. पण ही सवलत सगळ्यांनाच होती ना, मग सुरुवातीला बाकीचे वीस-पंचवीसवर का अडकले? रूथने बॅट जोरात खालून वर फिरवायची पद्धत आणली, स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झालो तरी चालेल म्हणाला, आणि खेळ कायमचा बदलला. आजचा प्रत्येक हिटर त्याच रस्त्याने चालतोय. स्ट्राइकआउटची किंमत तेव्हापासून ठरलेलीच आहे, पुढे रेजी जॅक्सनने ५६३ होमरन मारले आणि स्ट्राइकआउट झाला २५९७ वेळा, तो आजही मेजर लीगचा रेकॉर्ड आहे.

रूथचा ६० चा आकडा ३४ वर्षं टिकला. १९६१ मध्ये यँकीजच्याच दोघांनी, मिकी मँटल आणि रॉजर मॅरिसने, पाठलाग सुरू केला, मँटल आजारी पडून ५४ वर थांबला आणि मॅरिसने १ ऑक्टोबरला सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये ६१ वा मारला. बिचाऱ्याला त्याचं सुख मिळालंच नाही. लोकांना मँटल हवा होता, ताणाने मॅरिसचे केस गळायला लागले होते, आणि कमिशनर, म्हणजे मेजर लीगचे प्रमुख, फोर्ड फ्रिक यांनी आधीच सांगून टाकलं होतं की रूथच्या वेळी सीझन १५४ मॅचचा होता, आता १६२ चा आहे, म्हणून रेकॉर्ड वेगवेगळे लिहायचे. फ्रिक स्वतः रूथचे जवळचे मित्र, रूथसाठी लिहून देणारे पत्रकार होते, त्यांनी हा निर्णय द्यायलाच नको होता. १९९१ ला ही वेगळी नोंद काढून टाकली पण मॅरिस १९८५ मध्येच वारला होता.

हँक ॲरनबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात मोठा तोच. त्याचा एकही सीझन ५० होमरनचा नाही, सगळ्यात जास्त ४७, तेही १९७१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी. पण १९५५ ते १९७४ सलग वीस सीझन त्याने दरवर्षी कमीत कमी २० मारले, वीस वर्षं! अलाबामातल्या मोबाइल गावचा गरीब घरातला मुलगा, सुरुवातीला बॅट उलट्या हाताने, म्हणजे डावा हात वर धरून खेळायचा, १९५२ मध्ये काळ्या खेळाडूंच्या निग्रो लीगमधल्या इंडियानापोलिस क्लाउन्सकडून खेळला आणि तिथून मेजर लीगच्या ब्रेव्ह्ज टीमने उचलला. अंगाने काही धिप्पाड नव्हता, सगळी ताकद मनगटात, शेवटच्या क्षणापर्यंत बॉलची वाट बघायचा आणि मग चाबकासारखी बॅट फिरायची. त्याचे ७५५ होमरन बाजूला काढले तरी ३००० च्या वर हिट (बेस गाठून देणारे फटके) उरतात, यावरून तो नुसता हिटर नव्हता, पूर्ण बॅटर होता हे कळतं.

१९७३ चा सीझन संपला तेव्हा तो ७१३ वर होता, रूथच्या एक मागे. त्या वर्षी त्याला नऊ लाखांवर पत्रं आली, त्यात कौतुक होतं पण वर्णद्वेषी शिव्या आणि जिवे मारायच्या धमक्या ढीगभर होत्या, एका काळ्या माणसाने रूथचा रेकॉर्ड मोडायचा हे कित्येकांना सहन होत नव्हतं. एफबीआय चौकशी करत होती, बरोबर अंगरक्षक, आणि हा माणूस रोज जाऊन बॅटिंग करत होता. १९७४ च्या पहिल्याच मॅचमध्ये सिनसिनाटीत ७१४ झाले आणि ८ एप्रिलला अटलांटात डॉजर्स टीमच्या अल डाउनिंग या पिचरला ७१५ वा मारला. बेस फिरताना दोन तरुण पोरं ग्राउंडवर घुसून त्याच्या बाजूने धावायला लागली, ती फक्त पाठ थोपटायला आली होती पण त्या धमक्यांच्या दिवसांत बघणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार. होम प्लेटला आईने त्याला घट्ट मिठी मारली. डॉजर्सचे कॉमेंटेटर विन स्कली टाळ्या चालू असताना बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की अमेरिकेच्या दक्षिण भागात एका काळ्या माणसासाठी सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतंय. कमिशनर बोवी कून मात्र तिथे हजर नव्हते, ही गोष्ट ॲरनला शेवटपर्यंत लागून राहिली.

आता गिब्सन. मेजर लीगमध्ये १९४७ पर्यंत काळ्या खेळाडूंना घेतच नव्हते, लेखी नियम नव्हता पण सगळ्या मालकांनी मिळून ते पाळलं. त्यामुळे काळ्या खेळाडूंच्या निग्रो लीग वेगळ्या होत्या आणि त्यातला सगळ्यात मोठा हिटर होता कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा) जॉश गिब्सन, पिट्सबर्गच्या बाजूच्या होमस्टेड ग्रेज टीमचा. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या संग्रहालयातल्या, त्याच्या पाटीवर जवळजवळ ८०० होमरन लिहिलेत. त्यात गावोगावच्या प्रदर्शनी मॅच पण धरलेल्या आहेत, आणि लीगच्या अधिकृत मॅच मोजल्या तर आकडा दोनशेच्याही आत येतो, कारण त्यांचे सीझनच छोटे, कागदपत्रं अर्धवट, आणि पोट भरायला टीम बसमधून भटकत जिथे पैसे मिळतील तिथे खेळायच्या. म्हणून गिब्सनचा होमरनचा आकडा कधीच नीट मिळणार नाही. जानेवारी १९४७ मध्ये तो ३५ व्या वर्षी गेला आणि त्याच एप्रिलमध्ये काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला, फक्त तीन महिन्यांचा फरक. २०२० मध्ये मेजर लीगने निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य रेकॉर्डमध्ये धरले, तेव्हा करिअर बॅटिंग ॲव्हरेजमध्ये (बॅटिंगच्या दर संधीमागे किती हिट, त्याचं प्रमाण) .३७२ सह गिब्सन सगळ्यांच्या वर आला. ज्यांनी रूथलाच शेवटचा शब्द मानला त्यांनी हे लक्षात ठेवावं की रूथने त्याच्या काळातल्या अर्ध्याअधिक चांगल्या पिचरना लीगमध्ये कधी तोंडच दिलं नाही असं म्हणणं जरा जास्त होईल, पण निग्रो लीगमधल्या सॅचेल पेजसारख्या पिचरना नक्कीच दिलं नाही.

जपानचा सदाहारू ओह हा व्यावसायिक बेसबॉलमध्ये जगात सगळ्यात जास्त, ८६८ होमरन मारलेला माणूस. १९४० मध्ये टोकियोत जन्म, वडील चिनी, १९५९ मध्ये योमिउरी जायंट्सकडे आला तो पिचर म्हणून. पहिली तीन वर्षं बेताचीच गेली, मग कोच हिरोशी अराकावा यांनी त्याला उजवा पाय उचलून एका पायावर उभं राहून बॉलची वाट बघायला शिकवलं आणि तलवार चालवायचा सराव करून घेतला, टांगलेला कागद तलवारीने कापायचा, म्हणजे हात आणि नजर दोन्ही एका रेषेत येतात. १९६२ मध्ये ३८ होमरन झाले आणि तिथून सलग १३ वर्षं लीगमध्ये तोच पहिला. ३ सप्टेंबर १९७७ ला ७५६ वा मारून त्याने ॲरनला मागे टाकलं. अमेरिकेतले लोक म्हणतात तिथली ग्राउंडं लहान, पिचिंग कमी दर्जाचं, ग्राउंडचं खरंय, पण तिथला सीझनही छोटा, १३०-१४० मॅचचाच, हे मग कोणी बोलत नाही. स्वतः ॲरनने त्याला कधी कमी लेखलं नाही, १९७४ मध्ये टोकियोत दोघांची होमरनची स्पर्धा झाली, ॲरन १०-९ ने जिंकला, आणि १९९० मध्ये दोघांनी मिळून जगभरातल्या मुलांसाठी बेसबॉलचा मेळावा सुरू केला.

एक गोष्ट मात्र खटकते. ओहचा एका सीझनचा रेकॉर्ड ५५ चा, १९६४ मधला. १९८५ मध्ये जपानमध्ये खेळणारा अमेरिकन रँडी बास ५४ वर असताना आणि २००१ मध्ये तसाच अमेरिकन टफी रोड्स ५५ वर असताना ज्या टीमने त्यांना मारता येईल असा बॉलच दिला नाही त्या टीमचा मॅनेजर दोन्ही वेळा ओहच होता. अखेर २०१३ मध्ये कुरासाओ बेटावरच्या व्लादिमीर बॅलेंटिनने ६० मारून तो रेकॉर्ड मोडला.

मग ती स्टेरॉइडची वर्षं. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर ७० आणि सॅमी सोसा ६६, दोघांनी मॅरिसला मागे टाकलं, अख्खी अमेरिका त्यांच्या मागे वेडी झाली होती, १९९४ च्या संपानंतर रुसलेले फॅन परत आले. मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बॅरी बाँड्सने ७३ मारले, त्याच्या आयुष्यात दुसरा मोठा सीझन ४९ चा, एकदम एवढी उडी आणि तीही ३७ व्या वर्षी, आणि पुढे बाल्को या लॅबच्या स्टेरॉइड प्रकरणात त्याचं नाव आलं. वाईट याचं वाटतं की याच्या आधीही बाँड्स आपल्या पिढीतला सगळ्यात चांगला खेळाडू होता, १९९८ पर्यंत ४०० होमरन आणि ४०० बेस चोरी (बॉल मारलेला नसताना पळून पुढचा बेस गाठणं) दोन्ही करणारा पहिला. त्याची भीती इतकी की मे १९९८ मध्ये ॲरिझोनाने दोन रनची आघाडी असताना, बेस भरलेले असताना मुद्दाम त्याला फुकट बेस देऊन एक रन सोडला, आणि मॅच जिंकली. २००४ मध्ये त्याला २३२ वॉक, म्हणजे फुकट बेस, मिळाले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले. ७ ऑगस्ट २००७ ला त्याने ७५६ वा मारला तेव्हा ॲरन तिथे गेला नाही, पण स्क्रीनवर त्याचा अभिनंदनाचा रेकॉर्ड केलेला संदेश दाखवला. हॉल ऑफ फेमला ७५ टक्के मतं लागतात, बाँड्सला पत्रकारांच्या मतदानातल्या शेवटच्या संधीत २०२२ मध्ये ६६ टक्के मिळाली.

ग्राउंडचा विषय थोडक्यात. बेसबॉलमध्ये कुंपणाचं अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, जुन्या यँकी स्टेडियमचा उजवा कोपरा फक्त २९५ फुटांवर होता आणि रूथ डावखुरा, बोस्टनला डाव्या बाजूला ३७ फूट उंच हिरवी भिंत आहे, डेन्व्हरला उंचीमुळे हवा विरळ म्हणून बॉल जास्त लांब जातो आणि २००२ पासून तिथे बॉल दमट खोलीत ठेवतात. २०१५ पासून बॅटवरून सुटलेल्या बॉलचा वेग आणि कोन रडार आणि कॅमेऱ्यांनी मोजतात, साधारण २५ ते ३० अंशाचा कोन आणि ताशी १६० किलोमीटरच्या वर वेग असेल तर बॉल बहुतेक बाहेरच.

आत्ताच्या लोकांत यँकीजच्या ॲरन जजने २०२२ मध्ये ६२ मारून मॅरिसचा अमेरिकन लीगचा रेकॉर्ड मोडला. शोहेई ओहतानीने २०२४ मध्ये ५४ होमरन आणि ५९ बेस चोरी केली, एका सीझनमध्ये ५०-५० आधी कोणालाच जमलं नव्हतं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेऑफच्या एकाच मॅचमध्ये पिचर म्हणून १० स्ट्राइकआउट घेतले आणि बॅटने तीन होमरन मारले. त्याच वर्षी सिॲटल मरिनर्सचा कॅल राली ६० वर पोचला, तो कॅचर आहे, म्हणजे बहुतेक दिवस तासन्‌तास उकिडवं बसून बॉल झेलायचे आणि मग बॅटिंगला यायचं, आणि दोन्ही हातांनी बॅटिंग करतो. मेजर लीगच्या एका सीझनमध्ये ६० गाठलेले आता सातजण झालेत, रूथ, मॅरिस, मॅग्वायर, सोसा, बाँड्स, जज आणि राली, आणि त्यातला कॅचर हा एकटाच.