मेसेज आला होता, फोन झोपला होता

आमचे दाजी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. मागच्या महिन्यात थर्ड शिफ्टला असताना रात्री २ वाजून १० मिनिटांनी कंपनीच्या चॅट ॲपवर मेसेज पडला, "दोन नंबर लाईनचा कन्व्हेयर बंद, लगेच या", आणि दाजींच्या फोनवर तो वाजला २.५० ला. चाळीस मिनिटं लेट. सकाळी शिफ्ट इनचार्जने जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि दाजींचं घरी येऊन एकच, "अरे फोन माझ्यासमोर टेबलावर होता, फुल रेंज होती, नेट चालू होतं, मी काय झोपलो पण नव्हतो." दाजी खरंच बोलत होते. झोपला होता तो फोन.

मी एका ऑफिसात आयटी सपोर्ट बघतो, त्यामुळे ही तक्रार मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ॲप उघडल्यावर मेसेज आत दिसतो का? लोकांना वाटतं हा टाळतोय, पण अर्धं निदान तिथंच होतं. कारण मेसेज तुमच्यापर्यंत यायचे रस्ते दोन आहेत. ॲप समोर उघडं असतं तेव्हा ते कंपनीच्या सर्व्हरशी स्वतः थेट लाईन जोडून बसतं, तिकडे टाईप केलं की इकडे दिसलं. ॲप बंद असताना ती लाईन तुटलेली असते, तेव्हा मेसेजची वर्दी येते ती गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरवरून फिरून. उघडल्यावर सगळे मेसेज धडाधड पडत असतील तर पहिला रस्ता ठणठणीत आहे, गडबड दुसऱ्यात आहे. उघडूनही नुसतं चक्र फिरत असेल तर मग नेट, लॉगिन नाहीतर घड्याळ (हो, घड्याळ, त्यावर येतो शेवटी).

आता हा फिरून येणारा रस्ता ठेवला कशाला? सोसायटीचं उदाहरण घ्या. साठ फ्लॅट आहेत आणि प्रत्येक घरातला एक माणूस आपापलं पार्सल येतंय का बघत रात्रंदिवस गेटवर उभा आहे. वेडेपणा आहे ना? म्हणून एक वॉचमन ठेवायचा, पार्सल आलं की तो इंटरकॉमवर सांगतो, बाकीचे घरात झोपतात. फोनमध्येही प्रत्येक ॲपने आपली वेगळी लाईन धरून ठेवली तर मोडेमला (फोनमधला नेटवर्कशी बोलणारा भाग) झोपच नाही, आणि मोडेम एकदा जागा झाला की काम संपल्यावरही काही सेकंद पॉवर खात जागाच राहतो, रिक्षावाला सिग्नलला इंजिन बंद करत नाही तसं. एका ओळीच्या मेसेजसाठी एवढी बॅटरी जाते. म्हणून २००९ मध्ये ॲपलने आणि २०१० मध्ये गूगलने हा वॉचमन आणला. फोनमधून त्यांच्या सर्व्हरला एकच लाईन, सगळ्या ॲपच्या वर्द्या त्याच लाईनवरून. वर्दी पण छोटीच, साधारण ४ केबीच्या आतली चिठ्ठी, बाकीचं मग ॲप उठून स्वतः आणतं.

इथपर्यंत सगळं छान. पण २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून गूगलने फोनला डोझ नावाची डुलकी शिकवली. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला आणि फोन बराच वेळ हललाच नाही (हे त्याला आतल्या सेन्सरमुळे कळतं) की फोन ॲपचं नेट रोखतो, मधूनमधून थोडा वेळ उठतो, साठलेलं सगळं घेतो आणि परत झोपतो. आणि जितका जास्त वेळ पडून राहील तितकं हे उठणं लांबत जातं. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये खिशात हलणाऱ्या फोनसाठीही हलकी डुलकी आली. दाजींचा फोन रात्रभर टेबलावर सपाट पडलेला, म्हणजे गाढ झोपेसाठी याहून चांगली जागा नाही.

मग अर्जंट मेसेजचं काय? त्याची सोय आहे. पाठवणारा सर्व्हर चिठ्ठीवर 'हाय प्रायॉरिटी' असा शिक्का मारू शकतो, तो असला की वॉचमन झोपमोड करून बेल वाजवतो. चॅट ॲपवाले बहुतेक वेळा हा शिक्का मारतातच. पण बऱ्याच फोन कंपन्या 'दोन दिवस बॅटरी' असं खोक्यावर छापता यावं म्हणून अँड्रॉइडवर आपला स्वतःचा बॅटरी सेव्हर बसवतात, आणि तो शिक्का बिक्का काही बघत नाही, ॲप सरळ मारूनच टाकतो. मला विचाराल तर खरा वैताग हा आहे. डोझचे नियम निदान कागदावर लिहिलेले आहेत, यांचे कुठेच धड नसतात, आणि मॉडेल बदललं की सेटिंगची जागा पण बदलते.

शनिवारी संध्याकाळी आम्ही प्रयोगच केला. दाजींचा फोन चार्जर काढून डायनिंग टेबलवर उपडा ठेवला, दीड तास हात लावायचा नाही, ताईला पण सांगितलं की टेबल पुसू नकोस. मग त्यांच्या एका मित्राला कंपनीच्या ग्रुपवर 'टेस्ट' टाकायला लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, फोन गप्प. दाजींनी उचलला, स्क्रीन लागली, आणि ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, टेस्ट आणि मागचे तीन मेसेज एकदम. परत तोच प्रकार फोन चार्जरला लावून केला, तर दोन सेकंदांत वाजला, कारण चार्जिंगला असताना डोझ लागतच नाही. एवढं दिसलं की रेंजला आणि ॲपला शिव्या घालण्यात अर्थ नाही. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' केली, फोन कंपनीच्या बॅटरी सेव्हरमधून पण ते वगळलं आणि चार्जर काढून परत दीड तास थांबलो. वाजला.

अजून एक गंमत म्हणजे दाजी दर तासाला सगळे ॲप स्वाईप करून उडवायचे, "फोन हलका राहतो" म्हणून. तसा स्वाईप केल्याने वर्दी बंद व्हायला नको, पण काही फोनवर तो 'फोर्स स्टॉप'सारखा, म्हणजे सेटिंगमधून ॲप जबरदस्तीने बंद केल्यासारखा, धरला जातो, आणि फोर्स स्टॉप केलेलं ॲप तुम्ही हाताने उघडेपर्यंत त्याला कुणीच उठवत नाही, वॉचमन पण नाही.

सगळंच फोनच्या माथी मारू नका मात्र. स्लॅक किंवा टीम्ससारखं ऑफिसचं चॅट ॲप लॅपटॉपवर पण चालू असेल तर मोबाईलवर मुद्दाम शांतता ठेवायचं सेटिंग त्यात असतं, एकच मेसेज दोन ठिकाणी वाजू नये म्हणून. लॅपटॉप चालू ठेवून चहाला गेलात की मोबाईल गप्प. शिवाय स्लॅकमध्ये मुळातच रात्री १० ते सकाळी ८ नोटिफिकेशन बंद ठेवायचं डिफॉल्ट आहे, दिवसा काम करणाऱ्याला वरदान, थर्ड शिफ्टवाल्याने आधी तेच बघावं. आणि अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नवीन टाकलेलं ॲप नोटिफिकेशनची परवानगी विचारतं, घाईत 'नको' दाबलं की झालं, ते मुकं.

'काढून परत टाक' हा जो सगळ्यांचा रामबाण उपाय, तो चालतो कधीकधी, आणि त्याला कारण आहे. प्रत्येक फोनवरच्या प्रत्येक ॲपला वर्दीसाठी टोकन म्हणजे एक पत्ता मिळतो. फोन बदलला, बॅकअपवरून सगळं नव्या फोनवर आणलं, की पत्ता बदलतो पण कंपनीच्या सर्व्हरकडे कधीकधी जुनाच राहतो आणि चिठ्ठ्या रिकाम्या घरी जात बसतात. नुसतं लॉगआउट करून परत लॉगिन केलं तरी बहुतेक वेळा नवा पत्ता नोंदवला जातो, अख्खं ॲप उडवायची गरज नाही. फक्त ऑफिसच्या वायफायवरच बोंब असेल तर मोबाईल डेटावर करून बघा. गूगलची ती लाईन सहसा ५२२८ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नेटच्या एका ठरावीक दारातून जाते आणि ऑफिसच्या नेटवर पहारा देणारा कडक फायरवॉल ते दार अडवू शकतो.

आता घड्याळ. आमच्या ऑफिसात एक जण कंपनीची बस चुकू नये म्हणून फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचा. आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ पुढे ठेवतातच, त्याने मोबाईलला तेच केलं. एक दिवस चॅट ॲपमधून लॉगआउट झाला आणि परत आत जाता येईना, पासवर्ड बरोबर, पण ऑथेंटिकेटरचा (लॉगिनसाठी कोड देणारं ॲप) सहा आकडी कोड दर वेळी चूक. तो कोड कुठून येत नाही, फोनमध्येच तयार होतो, एक गुप्त किल्ली आणि आत्ताची वेळ यांच्या गणितातून, दर ३० सेकंदांनी नवा. तेच गणित सर्व्हर आपल्या घड्याळाने करतो. एखादं मिनिट इकडेतिकडे झालं तर बरेच सर्व्हर चालवून घेतात, पण याचा फोन दहा मिनिटं पुढच्या काळातले कोड देत होता. तारीखच महिने-वर्षं चुकली असेल तर त्याहून वाईट, सर्व्हरच्या ओळखपत्राला 'कधीपासून कधीपर्यंत' अशी मुदत असते आणि फोनला ते संपलेलं नाहीतर अजून सुरूच न झालेलं वाटतं, की तो कनेक्शनच नाकारतो, आणि स्क्रीनवर येतं 'नेटवर्क एरर', जिचा नेटवर्कशी काही संबंध नसतो.

त्याला वेळ ऑटोमॅटिकवर करून दिली, पुढच्याच कोडला आत गेला. बस मात्र चुकू द्यायची नाही म्हणून आता तो मनगटी घड्याळ वापरतो, दहा मिनिटं पुढे.