डिस्क एन्क्रिप्शन : अनेक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी

हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्हवरचा मजकूर पासवर्डाखाली बंद ठेवायचा आणि तरीही तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर उघडता यावा, यासाठीची व्यवस्था. प्रत्येक सिस्टीमचे स्वतःचे कुलूप आहेच : विंडोजचे बिटलॉकर व्हिस्टापासून (२००७), ॲपलचे फाइलव्हॉल्ट २००३ पासून, लिनक्सचे लक्स २००४ पासून. घरच्या घरी तिन्ही चोख. डिस्क दुसऱ्या जातीच्या यंत्राला लावली की अडचण सुरू होते. लिनक्सवरचे क्रिप्टसेटअप हे कुलूप हाताळणारे साधन २०२० पासून बिटलॉकर उघडते. मॅकमध्ये तशी सोय नाही, आणि लक्सची डिस्क विंडोज आपणहून उघडत नाही. म्हणून सायफर, म्हणजे मजकूर गुप्त करण्याची गणिती रीत, कोणता बळकट यापेक्षा (एईएस हा सायफर सगळीकडेच आहे) डिस्क कुठकुठल्या यंत्रांवर फिरणार आहे, हे आधी ठरवावे लागते.

ही गरज दहा वर्षे ट्रूक्रिप्टने भागवली. २००४ मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर मोफत होते, सोर्स कोड सर्वांना पाहता येई. लिहिणारे मात्र पडद्याआडच राहिले. २८ मे २०१४ रोजी त्याच्या संकेतस्थळावर अचानक सूचना झळकली : हे वापरणे सुरक्षित नाही, आपापल्या सिस्टीममधले कुलूप वापरा. जी अडचण सोडवायला ते निघाले होते, तीच लोकांच्या पदरात परत पडली. २०१५ मध्ये संपलेल्या स्वतंत्र तपासणीत कोडमध्ये मुद्दाम ठेवलेली चोरवाट आढळली नाही, पण वाली नसलेले सॉफ्टवेअर वापरत राहणे शहाणपणाचे नव्हते.

मुनीर इद्रासी यांनी २०१३ मध्येच फ्रान्समध्ये ट्रूक्रिप्टच्या कोडवरून व्हेराक्रिप्ट सुरू केले होते. तिन्ही सिस्टीमवर फिरणाऱ्या डिस्कसाठी आज तेच निवडावे. ट्रूक्रिप्ट पासवर्डापासून डिस्क उघडणारी किल्ली बनवताना गणिताच्या एक-दोन हजार फेऱ्या घेई. व्हेराक्रिप्ट साधारण पाच लाख घेते. त्यामुळे डिस्क उघडायला काही सेकंद लागतात, पण पासवर्ड अंदाजाने शोधणाऱ्यालाही दर प्रयत्नाला तेवढाच घाम गाळावा लागतो. उणिवाही आहेत. सिस्टीम ज्या डिस्कवरून सुरू होते ती अख्खी बंद करणे फक्त विंडोजवर जमते. मॅकवर आधी मॅकफ्यूज किंवा फ्यूज-टी हे जोड-सॉफ्टवेअर बसवावे लागते. विंडोजवर पेनड्राइव्हमधूनच चालवायचे तर ॲडमिनचे अधिकार हवेत, म्हणजे ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर बहुधा हात टेकावे लागतात. २०२३ च्या १.२६ आवृत्तीपासून ट्रूक्रिप्टच्या जुन्या फाइल ते उघडत नाही. दिलासा एवढा, की लिनक्सवर क्रिप्टसेटअपलाही व्हेराक्रिप्टची रचना वाचता येते. मूळ प्रकल्प उद्या थांबला तरी डेटा अडकून पडणार नाही. ट्रूक्रिप्टचा अनुभव गाठीशी असताना ही गोष्ट फार मोलाची वाटते.

अख्खा पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करावा की त्यावर एक कंटेनर फाइल (जिच्या आत बाकीच्या फाइल कुलूपबंद राहतात) ठेवावी? फिरत्या वापरासाठी कंटेनर बरा. पूर्ण एन्क्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला की त्याला आत काहीच ओळखू येत नाही आणि पडद्यावर विचारणा येते : डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? घरातल्या कोणी भाबडेपणाने होकार दिला, की डेटा गेलाच म्हणून समजा. कंटेनर साध्या फाइलसारखा दिसतो, त्यामुळे हा प्रसंग येत नाही.

फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याची पद्धत) मात्र दोनदा निवडावी लागते : एक पेनड्राइव्हची, दुसरी कंटेनरच्या आतली. अनेकांचे घोडे इथेच अडते. विंडोजच्या एनटीएफएसवर मॅक वाचतो पण लिहीत नाही. लिनक्सची ईएक्सटी४ विंडोजला समजत नाही. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइलच मावत नाही. दोन्हीकडे एक्सफॅट ठेवले की काम भागते. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) तिचा समावेश २०१९ पासून आहे. तिला जर्नल (अर्धवट राहिलेले लेखन सावरणारी नोंदवही) नसते, म्हणून आधी व्हेराक्रिप्टमधून कंटेनर बंद (अनमाउंट), मग इजेक्ट, मगच पेनड्राइव्ह काढायचा.

ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हसाठी ही पद्धत सोयीची नाही. आतला मजकूर बदलला तरी व्हेराक्रिप्ट मूळ सेटिंगनुसार कंटेनरवरची तारीख तशीच राखते, त्यामुळे बदललेल्या फाइल आपोआप वर चढवणाऱ्या सिंकला बदल कळतोच असे नाही. तिथे क्रिप्टोमेटर वापरावे : ते एकेक फाइल वेगळी बंद करते आणि अँड्रॉइड, आयफोनवरही चालते.

मराठी वाचकांनी पासवर्डाच्या लिपीकडे खास लक्ष द्यावे. व्हेराक्रिप्टच्या जुन्या आवृत्त्या सोडल्या तर सिस्टीम डिस्क वगळता देवनागरी पासवर्ड चालतो. पण ‘तऱ्हा’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ काही कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत लावून बनवतात, काही साध्या ‘र’ला हलंत व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र दोन निराळे पासवर्ड. घरच्या विंडोजवर ठेवलेला शब्द मग मॅकवर बरोबर टाइप करूनही चुकीचा ठरतो, आणि टाइप करताना पडद्यावर फक्त ठिपके दिसत असल्याने चूक सापडतही नाही. तीच मराठी शब्दांची लांबलचक ओळ रोमन अक्षरांत लिहिली, तर ती कुठल्याही कीबोर्डवर तशीच उमटते.