आत्याचा पुष्कराज आणि टोपाझची गोष्ट

आत्याला कोणीतरी गुरू बळकट करायला सांगितलं होतं. मग काय, पुष्कराज म्हणून सव्वापाच कॅरेटचा पिवळा खडा आला, सोन्यात मढवला आणि एका गुरुवारी तर्जनीत गेला. पाचेक वर्षांनी अंगठी बाथरूमच्या फरशीवर पडली आणि खड्याचे सरळ दोन तुकडे! तुटलेली बाजू बघितली तर काचेसारखी वेडीवाकडी नाही, एकदम सपाट, आरशासारखी चकचकीत. मला तिथेच शंका आली.

गंमत अशी आहे की मराठी शब्दकोशात टोपाझ म्हणजे पुष्कराज, पण सराफाकडे आणि ज्योतिषाकडे पुष्कराज म्हणजे यलो सफायर, आणि ही दोन अगदी वेगळी खनिजं आहेत. यलो सफायर हा माणिक आणि नीलम यांचा सख्खा भाऊ, म्हणजे नुसतं ॲल्युमिनियम ऑक्साईड. टोपाझमध्ये ॲल्युमिनियमबरोबर सिलिका आणि फ्लोरिन असतं. किमतीत तर जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून टोपाझला उपरत्न म्हणून बाजूला बसवतात. त्यात भर म्हणजे सुनेला, म्हणजे सिट्रिन, हा आणखी स्वस्त क्वार्ट्झ, तोही कित्येकदा टोपाझच्या नावाने खपतो.

ओळखायचं कसं? मी दोन्ही तुकडे छोट्या डिजिटल काट्यावर ठेवले, भरले 1.05 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य केला आणि तुकडे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत सोडले, तळाला टेकू न देता. आकडा आला 0.30. म्हणजे खड्याने 0.30 ग्रॅम पाणी बाजूला सारलं, 1.05 भागिले 0.30, उत्तर 3.5. टोपाझची घनता बरोब्बर एवढीच! सफायरची 4 असते, तेव्हा काट्याने 0.26 दाखवलं असतं, आणि सुनेला असता तर 0.40. आर्किमिडीजचा शाळेतला धडा असा कामाला येतो बघा. आत्या मात्र दिवसभर बोलली नाही.

आता तो फुटला का, कारण टोपाझ काही मऊ नाही, मोह्‌सच्या स्केलवर त्याची हार्डनेस 8, क्वार्ट्झवर सहज ओरखडा काढतो. पण ओरखडा न पडणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. टोपाझच्या स्फटिकात लांबीला आडवी अशी एक पातळी असते जिथे सिलिकॉन-ऑक्सिजनचा एकही मजबूत बंध तोडावा लागत नाही, त्यामुळे नेमका तिथे ठोसा बसला की लाकडाची ढलपी निघावी तसा खडा उलगडतो. याला क्लीव्हेज म्हणतात. म्हणून पैलू पाडणारे कारागीर मुद्दाम खडा थोडा तिरका धरतात, पैलू त्या पातळीशी समांतर आला तर पॉलिशच नीट बसत नाही. आणि म्हणूनच टोपाझची अंगठी अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुवायला टाकू नका, साबणाचं कोमट पाणी पुरे.

नावाचा घोळ फक्त आपलाच नाही हं. तांबड्या समुद्रात इजिप्तचं झबरगद नावाचं बेट आहे, ग्रीक-रोमन लोक त्याला टोपाझोस म्हणायचे. प्लिनी नावाचा जुना रोमन लेखक लिहितो की बेट धुक्यात हरवायचं, खलाशांना शोधत बसावं लागायचं आणि त्यावरूनच ते नाव पडलं. पण त्या बेटावर निघायचा तो हिरवा पेरिडॉट! जुन्या काळी टोपाझ म्हणायचे ते बहुतेक यालाच. पोर्तुगालच्या राजाचा ब्राझीलहून आलेला 1680 कॅरेटचा 'ब्रागांझा हिरा' तर उलटा किस्सा, तो रंगहीन टोपाझ असावा असं आता बरेच जण मानतात. 1665 मध्ये टॅव्हर्निये या फ्रेंच जव्हेऱ्याने औरंगजेबाची रत्नं बघितली, त्यात सुमारे 157 कॅरेटचा एक टोपाझ होता, 1 लाख 81 हजार रुपयांना आणि तोही आपल्या गोव्यात विकत घेतलेला. पण त्या काळी नाव रंगावरून पडायचं, त्यामुळे टॅव्हर्नियेने टोपाझ लिहिलं म्हणून तो टोपाझच होता असं धरून चालत नाही.

औषधं तर भारीच. बाराव्या शतकात जर्मनीतली हिल्डेगार्ड नावाची साध्वी सांगायची की टोपाझ तीन दिवस वाइनमध्ये बुडवून ठेवा आणि रात्री झोपताना तो ओला खडा अधू डोळ्यांना लावा. उकळत्या पाण्यात टाकला की पाणी गार होतं, अशीही समजूत होती. करून बघायला कोणाला वेळ नसावा.

आणि हल्ली दुकानात दिसतो तो निळाशार टोपाझ? निसर्गात निळा असतो, पण फिकट आणि कमी. बाजारातला जवळजवळ सगळा माल मुळात रंगहीन, त्यावर इलेक्ट्रॉनचा किंवा अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनचा मारा करतात, मग तापवतात, की निळा रंग उरतो. गडद 'लंडन ब्लू' अणुभट्टीतून येतो आणि किरणोत्सर्ग उतरेपर्यंत त्याला कोठडीत ठेवावं लागतं, मगच विक्रीला, त्यामुळे बोटात घालायला भीती नाही. खरा महागडा म्हणजे ब्राझीलच्या ओरो प्रेतोचा केशरी-गुलाबी इम्पीरियल टोपाझ.

आत्याने मोठ्या तुकड्याला पुन्हा पैलू पाडून घेतले. लहान झालाय, पण लॉकेटमध्ये छान दिसतो, आणि गळ्यात असल्यामुळे फरशीवर आपटायची भीती कमी.