गालिबची पत्रं: किल्ल्यातल्या उस्तादापासून टपालातल्या उस्तादापर्यंत

मिर्झा असदुल्ला खान गालिब (1797-1869) आपल्याला शेरांमुळे माहीत असतात. उर्दू गद्याला बोलतं करणारी त्यांची पत्रं मात्र आपण फारशी वाचत नाही. ती का लिहिली गेली, हे त्यांच्या काळाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पन्नाशीपर्यंत गालिब पत्रं फारसीतच लिहीत. 1850 मध्ये बहादूरशहा जफरने त्यांना दरमहा 50 रुपयांवर तैमूर घराण्याचा, म्हणजे मुघलांचा, इतिहास लिहायला नेमलं. वेळ पुरेनासा झाला आणि पत्रं उर्दूत उतरू लागली. 1854 मध्ये बादशहाचे उस्ताद, म्हणजे काव्यगुरू, असलेले कवी जौक वारल्यावर गालिब त्या जागी आले. त्याच वर्षी टपालाची तिकिटं आली आणि अर्ध्या आण्यात हलकं पत्र देशात कुठेही जाऊ लागलं.

उस्तादी टपालानं चालायची. शागिर्द गझल पाठवायचा, उस्ताद शब्द खोडून, बदलून, कारण लिहून ती परत धाडायचा. याला ‘इस्लाह’ म्हणत. उत्तर प्रदेशातल्या सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल ‘तफ्ता’ हे या शागिर्दांतले सर्वांत लाडके. त्यांच्या नावची शंभराहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत.

मग 1857 आलं. दरबार संपला. कंपनी सरकारकडून पेन्शनचे महिना 62 रुपये 8 आणे मिळत, ते तीन वर्षं बंद पडले. भाऊ युसुफ त्याच ऑक्टोबरात गेला. मित्र कुणी मारले गेले, कुणी शहराबाहेर हाकलले गेले. पानिपतला असलेल्या मीर मेहदी ‘मजरूह’ना गालिब लिहितात की दिल्ली म्हणजे किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीपाशी रोजची गर्दी, आठवड्याला जमनेच्या पुलावरची सैर आणि वर्षाला फूलवाल्यांची जत्रा. या पाचही गोष्टी आता नाहीत, मग दिल्ली कुठली? तफ्तांना कळवतात की या एकटेपणात मी पत्रांच्याच भरवशावर जगतो. ज्याचं पत्र आलं, तो माणूसच घरी आला असं समजतो.

माझ्या मते या शैलीचं मूळ इथं आहे. समोर बसून बोलायला माणसं उरली नाहीत, म्हणून कागदावर बोलणं आलं. लांबलचक मायने गेले. ‘मियाँ’, ‘भाई’ म्हणून थेट गप्पा सुरू. पत्रव्यवहाराचं मी संभाषण करून टाकलं, असं त्यांनी हातिम अली ‘मेहर’ना लिहिलं, ते अक्षरशः खरं आहे. पावसाळ्यातल्या गळक्या घराबद्दल लिहितात: ढग दोन तास बरसला, तर छत चार तास बरसतं.

रामपूरच्या नवाबांना लिहिताना हा मोकळेपणा आखडतो. युसुफ अली खान 1857 च्या सुरुवातीलाच शागिर्द झाले होते. जुलै 1859 पासून त्यांनी दरमहा 100 रुपये सुरू केले आणि पुढे घराला त्यांचा मोठा आधार झाला. त्या पत्रांत अदब आहे, पैसे पोहोचल्याची पोच आहे, नड आहे आणि शेवटी बहुधा हजार वर्षं आयुष्य मागणारा दुआचा शेर.

1858 मध्ये ही पत्रं छापायची गोष्ट निघाली, तेव्हा गालिबनी नकार दिला होता. पुढे मन बदललं. ‘ऊद-ए-हिंदी’ हा पत्रसंग्रह ऑक्टोबर 1868 मध्ये निघाला. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हा दुसरा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी. अखेरीस हात चालेना, ते सांगत आणि दुसरा कुणी लिहून घेई. निधनाच्या आदल्या दिवशी लोहारूच्या अलाउद्दीन अहमद खानांना उत्तर गेलं: माझी खुशाली मला काय विचारता, एक-दोन दिवसांनी शेजाऱ्यांना विचारा.